लकव्यानंतर घरीच व्यायाम: आरसा आणि मोबाईल

नमस्कार नाशिककर मंडळी! आज लकव्याबद्दल बोलायचंय, म्हणजे अंगावरून वारं गेलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो ना, त्याच्या पुढचं. सिन्नर, दिंडोरी, सुरगाण्याहून रोज फिजिओसाठी नाशिकला यायचं म्हणजे गाडीभाडं वेगळं, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळा, मग हळूहळू येणंच बंद पडतं, आणि नेमकी पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सुधारणा सगळ्यात भराभर होत असते हो!

लकव्यात मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण बाकीचा मेंदू त्याचं काम बऱ्यापैकी शिकून घेतो, फक्त तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. त्यामुळे लाखांचं मशीन नाही म्हणून कुणी हातपाय गाळून बसू नका.

साधा फूट-दीड फुटाचा आरसा घ्या, कडा घासलेला. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हात कापावा लागलेल्या पेशंटला त्या नसलेल्या हातात होणाऱ्या वेदनेसाठी आरशाचा हा उपाय काढला, १९९९ पर्यंत तो लकव्यातही वापरून बघितला गेला. आरसा टेबलावर छातीच्या समोर मधोमध उभा करा, कड छातीकडे आणि काच चांगल्या हाताकडे, नीट टेकू लावून. अधू हात आरशामागे, चांगला हात पुढे, त्यातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. मग आरशात बघत मूठ उघडायची, मिटायची, मनगट वर-खाली करायचं, मागचा हातही जमेल तेवढा हलवायचा. बघणाऱ्याला अधू हातच हलतोय असं वाटतं आणि मेंदू कामाला लागतो. रोज अर्धा तास, कंटाळा आला तरी. नंतर त्याच अधू हाताने मटार सोलायला द्या, शेंगा फोडायला द्या, सांडले तर सांडू देत, पटकन आपण करून टाकायचं नाही.

चालायला लागलेल्यांसाठी मोबाईलवर मेट्रोनोमचं ॲप फुकट मिळतं, टक-टक आवाजावर पाऊल टाकायचं, पण शेजारी कुणीतरी हवंच. आठवड्याला व्हिडिओ काढून फिजिओला व्हॉट्सॲप करा, कारण सुरुवातीला व्यायाम त्यांच्याकडूनच बसवून घ्यायचाय. आणि हो, हात कडक झाला असेल तर त्यांना न विचारता बॉल दाबायला देऊ नका, आणि उठवताना अधू हाताला धरून अजिबात ओढू नका, खांदा निखळतो, कमरेला आधार देऊन उठवा.