गाजरगवतावरचा पाहुणा

तासगाव तालुक्यातली ही पाणंद. मृगाच्या दोन-तीन सरी होऊन गेल्यात. कॅमेरा बांधाच्या मातीला टेकवलाय, त्या ढेकळाकडे बघा. हललं. आधी तपकिरी डोकं, मग दुधी पाठ, पाठीवर काडीनं ओढल्यासारख्या काळपट नागमोडी रेघा. थंडी लागली तेव्हा हा जमिनीत शिरला होता. पाऊस मुरला, तसा वर आला.

हा मेक्सिकन भुंगा. आणि त्याचं खाद्य, रस्त्यानं दोन्ही अंगाला माजलेलं हे गाजरगवत. काँग्रेस म्हणा, चटकचांदणी म्हणा. तेही त्याच मुलखातलं. १९५५च्या सुमारास ते पुण्यात दिसलं आणि वाटा धरून गावोगाव पोचलं. त्याला खाणारं मात्र इकडे कुणी नव्हतं. जनावरसुद्धा सहसा तोंड लावत नाही. म्हणून १९८३ साली बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून हे भुंगे आणले, पारखले आणि १९८४ मध्ये सोडले.

आता पान उलटं करू. फिकट पिवळी अंडी, मोहरीहूनही बारीक. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि सरळ शेंडा गाठते. कोवळा कोंब, कळी, तेच तिला लागतं. जवळून बघा, शेंडाच खुडलाय. फूल नाही, मग बी कुठलं? एरवी एकच झाड हजारो बिया टाकतं. पोट भरलं की अळी मातीत उतरते, कोष करते. महिनाभरात नवा भुंगा तयार.

सूर्यफूलवाल्यांना याची धास्ती होती, आणि ती उगाच नव्हती. काही ठिकाणी पानं कुरतडलेली दिसली, सरकारला समिती नेमावी लागली. तपासात कळलं, गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानावर पडले की भुंगा तिथं तोंड घालतो. पण सूर्यफुलावर त्याची वीण टिकत नाही.

हा पलीकडचा बांध. इथं ऐन पावसात तणनाशक मारलं होतं. भुंगे ज्या शेंड्यावर जगतात तोच जळाला. गवत मात्र बियांतून पुन्हा उगवलंय. याच गवतानं अंगाला खाज सुटते, दमा बळावतो, आणि चुकून जनावरानं खाल्लं तर दुधाला कडवट वास येतो.

सकाळची वेळ. आक्का झाडं हलक्या हातानं झटकतात, भुंगे बरणीत पडतात. झाकणाला दाभणानं भोकं पाडलीत, आत गाजरगवताचीच डहाळी. पाचशे-हजार जमले की बरणी निघते, ओढ्यापलीकडच्या गायरानात.

झाकण उघडलं. पहिला भुंगा काठावर येतो, मिशा हलवतो, आणि समोरच्या फांदीवर चढतो.