बैलजोडी विकायच्या आधी ट्रंक उघडा

नमस्कार मंडळी.

माझ्या मामांना घशाचा कॅन्सर निघाला, तेव्हा घरात पहिला निर्णय काय झाला असेल? बैलजोडी विकायची. पुढच्याच बाजारी नेली, पडेल त्या भावात दिली. ते पैसे एका खासगी दवाखान्यात तपासण्यांतच संपले. आणि पिवळं रेशनकार्ड मामीच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली पडून होतं. कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही. म्हणून हा व्हिडिओ करतोय.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि तिच्यासाठीच ते रेशनकार्ड लागतं. केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडलेली आहे, आणि एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन, सगळं त्यात येतं. पण नीट ऐका: ही योजना कॅशलेस आहे. उपचाराआधी पूर्वमंजुरी घ्यावी लागते. आधी खिशातून भरलं आणि मग बिलं घेऊन गेलात, तर ते पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. बिलाच्या खिडकीआधी तिथे जा. जवळचं हॉस्पिटल योजनेत आहे का, हे 155388 वर विचारता येतं.

आणि हो, मुंबईच गाठायला पाहिजे असं नाही. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. रेडिएशन म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा सहा-सात आठवडे. घराजवळ झालं तर निम्मी दगदग वाचते.

तरीही बऱ्याच जणांना परळला, टाटा हॉस्पिटलला जावंच लागतं. तिथे नोंदणी करताना विचारतात, जनरल की प्रायव्हेट? घाईत उत्तर देऊ नका, खर्चात फार मोठा फरक पडतो. मग समाजसेवा विभागात जा. आमच्याकडे लोक तिथे जायला लाजतात, हात पसरल्यासारखं वाटतं त्यांना. अहो, तिथली माणसं याच कामासाठी बसलेली असतात! कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, कुठली कागदपत्रं लावायची, राहायची सोय कुठे होईल, हे सगळं त्यांना माहीत असतं.

राहण्याचं बोलू, कारण औषधांइतकंच माणूस तिथे मोडतो. फुटपाथवर झोपलेली कुटुंबं मी परळला पाहिली आहेत, हातात फाइल आणि उशाला पिशवी. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दर अगदी कमी, पण जागा मर्यादित. म्हणून पोहोचल्या दिवशीच फाइल घेऊन चौकशी करा. आजारी मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेचं नाव लक्षात ठेवा. 2006 पासून ते मुलाला आणि आईवडिलांना मोफत ठेवून घेतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा मिळते आणि आईला स्वयंपाकाची सोय. हे फार महत्त्वाचं आहे. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, साधा जंतुसंसर्गही पोराच्या जिवावर बेतू शकतो. बाहेरचं खाणं टळलं, आईच्या हातचा ताजा वरणभात पोटात गेला, म्हणजे तोही उपचारच की.

रेल्वेचं पटकन सांगतो. उपचाराला किंवा तपासणीला जाताना रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण भाडं माफ, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा.

आता एक अवघड विषय. डॉक्टर म्हणतात, आता बरं होणार नाही. मग घरी न्यायचं आणि वेदनेत तळमळताना बघत बसायचं? पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, मोफत. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, 1986 पासून. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. तिथे दुखणं आवाक्यात आणतात, जखमा धुतात, आणि घरच्यांना रुग्णाची काळजी कशी घ्यायची ते शिकवतात. ही चौकशी शेवटच्या आठवड्यात करू नका, आधीच करा.

आता व्हिडिओ थांबवा आणि रेशनकार्ड काढा. त्यावरचं प्रत्येकाचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. सुनेचं नाव अजून चढलेलं नसेल, आजीचं नाव वेगळंच लिहिलेलं असेल, तर उद्याच तहसील कार्यालयात जा.