आठ मिनिटांची चिनी

[पार्क. छत्र्यांची रांग.]

पाऊस नाही, तरी छत्र्या उघड्या आहेत. शांघायचं पीपल्स पार्क, सुट्टीची दुपार. जमिनीवर टेकवलेल्या प्रत्येक छत्रीवर एक कागद लावलाय आणि मागे छोट्या स्टुलावर कुणाची तरी आई नाहीतर वडील बसलेत. ज्यांचं लग्न जमवायचंय ती मुलं-मुली इथं सहसा नसतातच. आपला कागद इथं लागलाय हे काहींच्या गावीही नसेल.

जवळून पाहू. जन्मसाल. उंची, सेंटिमीटरमध्ये. शिक्षण. पगार. स्वतःचं घर आहे का. आणि हुकोउ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद कुठल्या शहरात आहे. २०१३ साली चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांवर लग्नं नोंदली गेली होती. २०२४ मध्ये ६१ लाख. स्टुलावरच्या मंडळींची काळजी यावरून कळावी.

[कागदावरून फिरणारं बोट.]

हे बोट आमच्या मैत्रिणीचं. नोकरीसाठी शांघायला आली, संध्याकाळी चिनीच्या वर्गाला जाते. सगळे कागद एकाच साच्याचे, त्यामुळे तिला ते वाचता येतात. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी तिनं पार केली आहे. तिनं दिली तेव्हा त्या पातळीला साधारण १२०० शब्द होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं. ३०० पैकी १८० मिळाले की पास. बोलण्याला त्यात एकही गुण नाही. तोंडी परीक्षा वेगळी असते, आणि ती तिनं दिलेली नव्हती.

[मोबाइलचा पडदा. टायपिंग.]

रोजच्या कामालाही बोलावं लागत नाही. रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा, फोन चिनी अक्षरं पुढे करतो, त्यातलं एक निवडायचं. सूर चढा की उतरता, हे फोन विचारत नाही. पण चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि समोर बसलेला माणूस सुरावरूनही शब्द ओळखतो. म्हणून बोलण्याच्या सरावासाठी ही स्पीड डेटिंगला, म्हणजे अनोळखी माणसांशी एकामागून एक मोजक्या मिनिटांच्या भेटींना, निघाली आहे. नवरा शोधायला का? तेही चालेल, म्हणते.

[हॉल. टेबलं, हात, घंटा.]

चेहरे दाखवायचे नाहीत या अटीवर कॅमेरा आत आला, तेव्हा हातच बघा. मुली जागेवर बसतात, मुलं घंटेसरशी पुढच्या टेबलावर सरकतात. ही पद्धत १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये एका ज्यू धर्मगुरूनं सुरू केली, आपल्या समाजातल्या अविवाहितांची गाठ पडावी म्हणून. चीनमध्ये तिला ‘आठ मिनिटांची भेट’ म्हणतात. आपल्याकडचा वधूवर मेळावा, फक्त घड्याळ लावून.

टेबलावरचं हे कार्ड तिनं स्वतः लिहिलंय. ‘कृपया चिनीतच बोला.’ फार शहाणपणाचं काम. परदेशी माणूस जरा अडखळला की समोरचा सौजन्यानं इंग्रजीवर येतो, आणि शिकणं तिथंच संपतं.

पहिल्या मिनिटाला कौतुक. दोन वाक्यं बोललात की ‘किती छान चिनी बोलता’ हे ऐकायला मिळतंच. त्यावर फुशारून जायचं नसतं. मग राशीचा प्राणी. वय थेट विचारायला नको म्हणून हा बारा वर्षांच्या चक्राचा हिशेब. ती ‘वाघ’ म्हणते, समोरचा मनातल्या मनात १९९८ वर पोचतो. हुकोउचा प्रश्न परदेशी मुलीला लागू नाही. त्याऐवजी येतं, ‘इथं किती वर्षं राहणार?’ प्रत्येक भेटीत येतं.

साधारण पाचव्या मिनिटाला पाठ केलेली वाक्यं संपतात. या हाताकडे बघा, पेन फिरवायला लागला. इथून पुढची तीन मिनिटं कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाहीत.

घंटा. नवा माणूस, तोच प्रश्न, उच्चार मात्र निराळे. हा सिचुआनचा, याचे ‘श’ आणि ‘स’ सारखेच ऐकू येतात. हा बीजिंगचा, शब्दांच्या शेवटी ‘र’ गुंडाळतो. वर्गातल्या ध्वनिफितीत सगळे एकाच स्वच्छ आवाजात बोलतात. तसा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही.

[आवाज: पहिली भेट. लगेच शेवटची.]

दोन्ही नीट ऐका. वाक्य तेच. चिनीतल्या चार सुरांपैकी तिसरा सूर लागोपाठ दोनदा आला की त्यातला पहिला दुसऱ्या सुरासारखा म्हणायचा, हा नियम तिला केव्हाचा ठाऊक होता. पहिल्या भेटीत तो आठवायला ती थांबते. शेवटच्या भेटीत थांबत नाही, कारण एव्हाना हे उत्तर देऊन देऊन कंटाळा आलाय. असा कंटाळा वर्गात येत नाही. तिथं तासाला जेमतेम एकदा तोंड उघडायची पाळी येते आणि फी मात्र पूर्ण तासाची.

[चिठ्ठ्या. क्यूआर कोड.]

शेवटी प्रत्येकानं चिठ्ठीवर खुणा करायच्या. खूण दोन्ही बाजूंनी असेल तरच आयोजक वीचॅट या मेसेजिंग ॲपवर ओळख करून देतात. तिची दोघांशी जुळली. एकाबरोबर कॉफी झाली, पुढे काही नाही. दुसऱ्याशी बोलणं चालू आहे, पण लिहून नाही. तिनं त्याला सांगितलंय की आवाजी संदेशच पाठव, आणि तो पाठवतो, मिनिटमिनिटभराचे. तोंडी परीक्षेचा अर्ज तिनं आता भरलाय. परीक्षेच्या आधी आणखी एक मेळावा आहे. त्याचेही पैसे भरून झालेत.