जडाच्या आत काय आहे?

(दृश्य : वाई, गणपती घाट. पाण्याला टेकलेल्या काळ्या पायऱ्या.)

हा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सर्वचेतनावाद, म्हणजे पॅनसायकिझम, हे जडाच्या मुळाशीच जाणीव मानणारं मत. ते या दगडाला मन आहे असं सांगतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मग थट्टा होते आणि विषय बुडतो. खरं तर या मताचे बहुतेक अभ्यासक दगडाला कणांचा नुसता ढीग मानतात. जाणीव असलीच तर मूलकणांत, तीही अगदी प्राथमिक. विचार नाही, आठवण नाही.

पण तिथे तरी ती का मानायची?

(दृश्य : कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा.)

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ९.१०९ × १०⁻³¹ किलो. वस्तुमान म्हणजे ढकलल्यावर होणारा विरोध. विद्युतभार म्हणजे दुसऱ्या भाराला ओढणं किंवा लोटणं. कण काय करतो एवढंच कळलं. तो मुळात आहे काय? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलनं १९२७ मध्ये नेमकं इथे बोट ठेवलं. आजचे सर्वचेतनावादी पुढे जातात : आतलं स्वरूप आपल्याला थेट कळतं ते फक्त स्वतःच्या जाणिवेत, मग बाकीच्या जडाचंही त्याच जातीचं का नसावं? सर्वचेतनावादी तत्त्वज्ञ गॅलन स्ट्रॉसनचं २००६ मधलं म्हणणं आणखी कडक : जाणिवेचा लवलेशही नसलेल्या गोष्टी कितीही जुळवा, जाणीव उपजणार नाही.

चार्वाक, म्हणजे प्राचीन भारतातले जडवादी, नेमकं उलट सांगतात. किण्व, म्हणजे आंबवण, घालून आंबवलं की मदशक्ती, म्हणजे नशा आणायची ताकद, येते, सुट्या जिनसांत ती नसते. तसंच पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांच्या मेळातून चैतन्य. दाखला झकास, पण त्यात एक गोम आहे. साखरेचं अल्कोहोल कसं होतं ते रसायनशास्त्र सांगतं. मद चढणं मात्र पिणाऱ्याच्या जाणिवेतच घडतं. जी गोष्ट सिद्ध करायची, तीच दाखल्यात आधी धरलेली.

सांगलीकडचे जैन श्रोते पृथ्वीकायिक जीवांची, म्हणजे माती-दगड हेच ज्यांचं शरीर अशा जीवांची, आठवण काढतील. ते मत वेगळं : तिथे जीव आणि अजीव ही स्वतंत्र द्रव्यं आहेत.

(दृश्य : वाईची मंडई. बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात एका शब्दाची पाटी.)

सर्वचेतनावाद खरा अडतो तो बेरजेपाशी. मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १८९० मध्येच दाखवलं : बारा शब्दांचं वाक्य बारा जणांना एकेक शब्द वाटून द्या. प्रत्येकानं आपला शब्द कितीही मन लावून घोकला, तरी अख्खं वाक्य कुणाच्याच मनात नसतं. मग अब्जावधी कणजाणिवांचा एक 'मी' कसा व्हावा?

काहींनी क्रमच उलटवला : मूळ जाणीव एकच, अख्ख्या विश्वाची. बेरीज टळली, वजाबाकी गळ्यात पडली. एकीचे इतके 'मी' झाले कसे, आणि माझी दाढदुखी शेजाऱ्याला का कळत नाही, याचं उत्तर आता त्यांना द्यायचं आहे.