लिटरमागे की जनावरामागे?

मंडळी, गुरांमुळे हवा तापते हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झालंय. पारोळ्याला किंवा शिंदखेड्याला दोन म्हशी सांभाळणाऱ्या माणसाला ते ऐकून वाटतं, हे लोक आपल्यालाच बोलतायत. त्या आरोपामागचं गणित आज तुमच्यासमोर मांडतो. गणित विद्यापीठांमधून येतं आणि मोजमाप करून येतं. पण आलेली गॅस कशाने भागली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी पोटातली गोष्ट. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव चाऱ्यातले तंतू फोडतात. आपल्याला न पचणारं काड त्यामुळेच दूध होऊ शकतं. या आंबण्यातून हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पचन अडेल, म्हणून दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. हा मिथेन बहुतेक सगळा ढेकरेवाटे तोंडातून निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन साधारण 28 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो, पण हवेत तो बारा-एक वर्षंच टिकतो. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेचा सुमारे पंधरावा हिस्सा या वाटेने जातो. कडबा, सरकी ढेप, चुनी, सगळ्याचे पैसे आपण मोजलेले असतात. म्हणजे हा प्रश्न हवेचा आहे तेवढाच आपल्या खिशाचाही आहे.

आता भागाकार. ज्या देशांकडे स्वतःची मोजणी नाही त्यांच्यासाठी आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीने, 2006 साली ठोकळ आकड्यांचा तक्ता दिला. त्यात भारतीय उपखंडातल्या दुभत्या गायीचा मिथेन वर्षाला 58 किलो धरलाय आणि उत्तर अमेरिकेतल्या गायीचा 128 किलो. जनावरामागे पाहिलं तर आपली गाय निम्म्याहून कमी. पण त्याच तक्त्यात दुधाचा रकाना आहे. आपल्याकडे वर्षाला 900 किलो, तिकडे 8400. करा भागाकार. आपल्याकडे किलोभर दुधामागे 64 ग्रॅम, तिकडे 15. एकाच तक्त्यातून एक माणूस आपल्या गायीला निर्दोष ठरवतो आणि दुसरा गुन्हेगार, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मला यातला कुठलाच भागाकार पुरेसा वाटत नाही. तिकडच्या गायीपुढे मका आणि सोयाबीन पडतं, त्यासाठी वेगळी जमीन नांगरली जाते. आपली गाय बरीचशी पिकाच्या उरल्यासुरल्यावर जगते. तिचा गोऱ्हा औताला जातो. तिचं शेण उकिरड्यावर पडतं, किंवा गोवरी होऊन चुलीत जातं. तिकडच्या मोठ्या गोठ्यांत शेण पाण्याने धुऊन तळ्यात साठवतात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून त्यातून पुन्हा भरपूर मिथेन निघतो. आपल्या उन्हात वाळणाऱ्या शेणातून तो फार कमी निघतो. दुधाच्या लिटरने भागताना नांगर, खत आणि सरपण यांतलं काहीच खाली लिहिलेलं नसतं.

मोठमोठ्या संस्थाही इथे घसरल्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2006 साली जाहीर केलं, की जगातल्या हरितगृह वायूंपैकी 18 टक्के पशुपालनातून येतात, म्हणजे वाहतुकीपेक्षा जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले फ्रँक मिटलोनर यांनी दाखवून दिलं, की गुरांच्या बाजूला चारा पिकवण्यापासून सगळं धरलंय आणि गाड्यांच्या बाजूला मुख्यतः नळीतून निघणारा धूर. तुलना चुकली, हे त्या अहवालाच्या एका लेखकानेही मान्य केलं. 2013 साली संघटनेचाच आकडा 14.5 टक्क्यांवर आला. तोही लहान नाही, हे लक्षात ठेवा.

तसाच किलोभर दुधामागचा 64 ग्रॅम हा आकडाही मी झटकून टाकणार नाही. तो आपल्या जनावराच्या उपासमारीचा आकडा आहे. जनावराला आधी स्वतःचं शरीर सांभाळायला चारा लागतो, दूध त्यानंतर. चारा निकृष्ट असला की सगळा शरीरातच जातो. ढेकर सुटतेच, दूध मात्र निघत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी पहिल्यांदा विणारी कालवड तेवढी वर्षं ढेकरा देते आणि पातेल्यात थेंब येत नाही. दोन वेतांमधला भाकड काळ लांबला की तेच. राहुरीच्या विद्यापीठाने फुले त्रिवेणी ही गाय तयार केली. तिच्यात निम्मं होल्स्टीन, पाव जर्सी आणि पाव गीर आहे. जात उत्तम, पण तिच्यापुढे नुसतं मक्याचं सरमाड टाकलं तर राहुरीचं सगळं संशोधन गव्हाणीतच संपतं.

डेव्हिसलाच 2021 साली मांसाच्या गोऱ्ह्यांना लाल समुद्रशेवाळ चारून मिथेन 82 टक्क्यांपर्यंत उतरवला, ही बातमी तुम्ही ऐकली असेल. त्याच प्रयोगात, खुराकात चाऱ्याचं प्रमाण जास्त होतं तिथे परिणाम कमी दिसला. आणि आपल्याकडे चाराच जास्त असतो. म्हणून मी शेवाळाची वाट बघायला सांगणार नाही. युरियाचं सांगतो.

गव्हाचं काड किंवा कुट्टी केलेलं सरमाड शंभर किलो घ्या. चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, खडा राहता कामा नये. प्लास्टिकवर काडाचा थर, त्यावर झारीने पाणी, मग पायाने तुडवून हवा काढायची, मग पुढचा थर. वरून प्लास्टिक घट्ट झाकून कडांना माती लावा आणि एकवीस दिवस हात लावू नका. उघडल्यावर काड पिवळट तपकिरी आणि मऊ झालेलं असतं, अमोनियाचा वास नाकात जातो. रोज लागेल तेवढंच काढा, तासभर पसरून वास उडू द्या, मग घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नका. विरघळवलेल्या युरियाच्या बादलीला जनावराचं तोंड लागलं तर ते दगावू शकतं, हे घरातल्या बाईमाणसाला आणि पोरांना आधी सांगून ठेवा. प्रथिनं वाढतात, तंतू सैल होतात, जनावर जास्त खातं आणि जास्त पचवतं. दादर ज्वारीचा कडबा मुळात चांगला, त्याला याची एवढी गरज नाही. युरियाच्या काडाच्या जोडीला बांधावर फुले जयवंत या चाऱ्याच्या गवताची ठोंबं लावा आणि खनिज मिश्रण चुकवू नका. रावेर-यावलकडच्या मंडळींनी केळीच्या खांबावर भिस्त ठेवू नये. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पोट भरतं, अंगाला लागत नाही.

आता कृषी महाविद्यालयातल्या मुलांशी बोलतो. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ मेंढरं घेऊन निघतात आणि वाटेत लोकांच्या वावरात रात्री कळप बसवतात. वावराचा मालक त्या खतासाठी धान्य नाहीतर पैसे देतो, म्हणजे बाजारानं त्या खताची किंमत केव्हाच ठरवलीय. आपल्या तक्त्यात मात्र त्याला रकाना नाही. तुमच्यापैकी कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल तर एक कळप धरा. रात्रीत किती लेंड्या पडतात ते वजन करा, त्यातलं नत्र प्रयोगशाळेत तपासा, आणि तेवढ्या नत्रासाठी युरियाची किती गोणी वाचली ते काढा. मग मेंढीचा मिथेन मांस, लोकर आणि खत या तिघांत वाटून दाखवा.