वेगऱ्यापासून मांजरीपर्यंत: मुठेच्या पाण्याबरोबर चालताना

मंडळी, पुण्यातल्या माणसाला चालायला जा म्हटलं की तो सिंहगड चढतो. फार तर पर्वती, नाहीतर वेताळ टेकडी. पाण्याबरोबर चालावं असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. आज आपण मुठेच्या पाण्याबरोबर चालणार आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उगमापासून काठाकाठाने निघालात आणि तसेच चालत राहिलात, तर खडकवासल्याला तुमची आणि मुठेच्या पाण्याची चुकामूक होईल. धरणातून विसर्ग सोडतात ते पावसाळ्याचे दिवस वगळा. एरवी खडकवासल्याखाली पात्रात मुठेचं पाणी जवळजवळ नसतंच. ते कालव्यात जातं, नळात जातं. भिडे पुलाखालून जे संथपणे जाताना दिसतं, ते बरंचसं तुमच्या-माझ्या मोरीतून आलेलं असतं. म्हणून मी म्हणतो, मुठा पाहायची तर तिचा उगम पाहा आणि मग कालव्याच्या भरावावर, म्हणजे काठाच्या मातीच्या बांधावर चढा.

उगमापासून सुरू करू. मुळशी तालुक्यात टेमघर धरणाच्या मागे वेगरे नावाचं गाव आहे. पिरंगुटवरून लवासाकडे जाणारा रस्ता मुठा खोऱ्यातून वर चढतो, तोच धरायचा. वाटेत मुठा नावाचं गावही लागतं. कृष्णेच्या उगमाला महाबळेश्वरी गोमुख आहे, भीमेला भीमाशंकर आहे, गोदावरीला त्र्यंबकेश्वर. तसं काही डोळ्यांपुढे ठेवून वेगऱ्याला जाल तर पदरी निराशा येईल. तिथे डोंगराच्या कुशीत ओहोळ आहेत, एक नाही, पुष्कळ. त्यातला मुठेचा नेमका कुठला, हा वाद घालायला मजा येते, पण त्याला उत्तर नाही. नदी एका ठिपक्यातून निघते ही आपली सोय आहे. ती निघते एका सबंध उतारावरून.

पाणी प्रत्यक्ष निघताना पाहायचं असेल तर दिवाळीच्या आगेमागे जा. पाऊस थांबलेला असतो आणि डोंगर अजून पाझरत असतो. सह्याद्रीचा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा मऊ, ठिसूळ पट्टा असतो. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी या पट्ट्यावर येऊन अडतं, खाली जाऊ शकत नाही, मग आडवं सरकत डोंगराच्या अंगातून बाहेर येतं. त्या रेषेवर शेवाळ असतं, नेच्याची रोपं असतात, आणि दगड जरा उचललात तर हमखास एखादा खेकडा तिरका पळतो. हात लावलात तर बोटांना लाल गाळ लागतो. तिथे धार नसते, नुसती ओल असते. दहा पावलं खाली गेलं की त्या ओलीची टिपटिप होते, आणखी खाली ऐकू येईल असा ओहोळ.

जिथे तुम्ही उभे असता तिथून अरबी समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. पण हे पाणी समुद्राकडे पाठ फिरवतं. मुळा, भीमा, कृष्णा अशी सगळ्यांच्या घरी हजेरी लावत थेट आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. दुसरी गोष्ट पावसाची. टेमघरच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पुण्यात साधारण सातशे. दौंड-इंदापूरकडे गेलात तर पाचशेच्या आसपास, तोही आला तर. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत पाऊस सहापटीने घटतो. कालवा का खणला याचं उत्तर वेगऱ्याच्या माथ्यावर मिळतं, खडकवासल्याच्या भिंतीवर नाही.

उगमानंतर मुठा फार वेळ मोकळी राहत नाही. लगेच टेमघरचं धरण. २०१६ साली ज्याची गळती गाजली आणि नंतर भिंतीत ग्राउटिंग करावं लागलं, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण भरून भेगा बुजवाव्या लागल्या, तेच. त्याखाली खोरं रुंदावतं, भातखाचरं लागतात, खारवडे येतं, तिथल्या म्हसोबाला माणसं लांबून येतात. मग सांगरूणपाशी आंबी आणि मोसे या दोन बहिणी मुठेला भेटतात. दोघींवर दोन मोठी धरणं. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव. टेमघर आणि खडकवासला धरून चारही धरणांची मिळून साठवण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. तरी पुणेकर पाण्याचं नाव काढताना खडकवासलाच म्हणणार, कारण दार तिथे आहे.

त्या दाराची गोष्ट सांगतो. १८६९ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८७९ ला पुरं झालं. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या अभियंत्यांच्या दलातले फाइफ हे या कामामागचे अभियंते, म्हणून तलावाला लेक फाइफ म्हणत. सरकारच्या डोळ्यांसमोर दोन गरजा होत्या: पुण्याच्या छावणीला आणि शहराला पाणी, आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला पाटाचं पाणी. धरणातून दोन कालवे काढले. डावा लहान, अठरा मैलांचा, वारज्यावरून कोथरूड-एरंडवण्याच्या अंगाने खडकीकडे जाणारा. उजवा मोठा, शहराच्या दक्षिण कडेने हडपसर, लोणी करत दौंड तालुक्यात शिरणारा, सत्तर मैलांच्या घरातला. विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली तीही याच धरणावर, १९०३ मध्ये. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने फुटलं तेही हेच धरण. आज जी भिंत आपण पाहतो तिच्यातला मधला भाग त्यानंतर पुन्हा बांधलेला आहे.

आता कालव्यावर या. नदीकाठाने चालणं आणि कालव्याच्या काठाने चालणं यांत फरक आहे, तो पायांना आधी कळतो. नदी मिळेल त्या उताराने खाली धावते. कालव्याला खाली उतरायची परवानगी नाही. जितकी उंची गमावली तितकी जमीन भिजायची राहिली, कारण कालव्याच्या वरच्या शेताला त्याचं पाणी चढत नाही. म्हणून तो डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ एकाच पातळीवरून जातो. घळ आली की आत वळतो, सोंड आली की बाहेर येतो. ओढा आडवा आला की ओढ्याला मोरीतून खाली घालतो नाहीतर आपण त्याच्यावरून जातो. एका हाताला माळ, दुसऱ्या हाताला बागायत, आणि मधून तुम्ही. एखाद्या तालुक्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर अशा भरावावरून तासभर चालावं असं माझं मत आहे. कालव्याच्या वरचं घर कुठलं आणि खालचं कुठलं, हे पाहिलं की निम्मी वंशावळ कळते.

डाव्या कालव्याचं काय झालं विचाराल तर तुमच्यातले कितीतरी जण त्यावरून रोज सकाळी फिरतात. प्रभात रस्त्याच्या गल्ल्या वर जिथे संपतात तो कॅनॉल रस्ता, कर्वेनगर-वारज्याचा कॅनॉल रस्ता, हे सगळं त्या कालव्याचं अंग. पाणी बंद झालं, शहर वर येऊन बसलं. पुण्यात इतका सपाट, चढ-उतार नसलेला, पण उगीचच वळणं घेणारा रस्ता दिसला की समजावं, हा कुणा नगररचनाकाराने आखलेला नाही, पाण्याने आखलेला आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना तो आवडतो याचं श्रेय फाइफ यांच्या सर्वेक्षणाला द्यायला हरकत नाही.

उजवा कालवा मात्र जिवंत आहे. पुढे त्याच्या जागी मोठा नवा उजवा मुठा कालवा झाला, तो २०२ किलोमीटर जाऊन इंदापूर गाठतो. शहरातून जाताना तो सिंहगड रस्त्याच्या अंगाने येतो आणि पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीला खेटून जातो. तिथे कालव्याची पातळी वर आहे आणि दांडेकर पुलाची वस्ती खाली, आंबील ओढ्याच्या काठाला. २७ सप्टेंबर २०१८ ला सकाळी भिंत फुटली आणि कालवा त्या वस्तीत शिरला. भर शहरात, पाऊस नसताना, उन्हात पूर. शेकडो घरांतलं धान्य, भांडी, पोरांची दप्तरं वाहून गेली. चर्चा मात्र रंगली ती उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भराव पोखरला या खुलाशावर. खेकडे भराव पोखरतात हे खरंच आहे, पाटबंधाऱ्यातला कुठलाही जुना माणूस सांगेल. म्हणून तर भरावावर रोज फिरायला माणूस ठेवायचा असतो. पूर्वी असे चौकीदार असत, ओल दिसली की माती चोपत. ती पदं रिकामी राहिली तर खेकड्यांना बोल लावून काय उपयोग?

हडपसर ओलांडलं की मांजरी. इथे जरा थांबू, कारण या कालव्याच्या इतिहासातला सगळ्यात चौकस माणूस इथे शेती करत होता. जोतीराव फुले. धरणाच्या आणि कालव्याच्या बांधकामाशी कंत्राटदार म्हणून त्यांचा संबंध आलेला, आणि मांजरीला त्यांनी जमीन घेतली. गंमत अशी की कालवा आला तेव्हा शेतकरी पाण्यासाठी धावला नाही. ज्वारी-बाजरी पावसावर येते, पाणीपट्टी कशाला भरायची, असा त्याचा हिशोब. बऱ्या वर्षी पाणी कुणी मागायचं नाही आणि दुष्काळात सगळे एकदम मागायचे. दख्खनच्या सगळ्याच कालव्यांची सुरुवातीला ही रड होती, आणि त्यातूनच सरकारचं लक्ष उसाकडे गेलं, कारण ऊस बारा महिने पाणी घेतो आणि बारा महिने पट्टी भरतो. जोतीरावांनी पाटाच्या पाण्यावर शेती करून दाखवली, पण ते पाटबंधारे खात्याचे भाट झाले नाहीत. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी या खात्याला धारेवर धरलं आहे: वरचे साहेब हाताखालच्यांवर भिस्त ठेवतात, आणि पिकाला गरज असते तेव्हा पाणी येत नाही. उपाय म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या वाट्याच्या पाण्याची स्वतंत्र तोटी द्या, असं ते सुचवतात. आज आपण मोजून पाणी द्या म्हणतो, पाणीवापर संस्था काढतो. बोलणं तिथेच आहे. त्याच पुस्तकात त्यांनी डोंगरउतारांवर ताली-बांध घालून पाणी जिरवायला सांगितलंय. म्हणजे मांजरीचा शेतकरी वेगऱ्यासारख्या उतारांचा विचार करत होता.

मांजरीच्या आसपास आज काय दिसतं? नव्या कालव्याखेरीज जुना कालवा अजून आहे, त्याला लोक बेबी कॅनॉल म्हणतात. त्याच्यात आता धरणातलं पाणी नाही. मुंढव्याला नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर आहे. पुण्याचं सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत येतं, ते तिथून उपसून या जुन्या कालव्यात टाकतात, आणि हवेली-दौंडच्या शेतीला देतात. धरणातून पुण्याने प्यायला जे पाणी घेतलं त्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी असं परत द्यायचं, असा करार आहे. कागदावर उत्तम. काठावर उभं राहून पाहिलं तर पाणी काळपट, त्यावर साबणाचा फेस, जलपर्णीची पानं कडेला अडकलेली, आणि वास. भरावावर भाजीपाला आहे, पलीकडे ऊस. शेतकऱ्याला विचारा, तो दोन्ही सांगतो. खताचा खर्च कमी लागतो हे सांगतो, आणि विहिरीचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही हेही. बोलता बोलता तो आवर्तनावर, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडतात त्या पाळीवर येतो. कालवा समितीची बैठक कधी, यंदा उन्हाळी पाळ्या किती, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचेल का. वरच्यांनी रात्री पाईप टाकून पाणी ओढलं की टेलचा माणूस पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्या खात्याच्या माणसाच्या नावाने बोटं मोडतो. पाटकरी बिचारा एकटा, मोटारसायकलवर, हातात दाराची किल्ली, आणि त्याच्याकडे किती मैल असतात ते विचारू नका.

आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. गळती थांबेल, बाष्पीभवन थांबेल, चोरी थांबेल, वस्तीत कालवा शिरायची भीती जाईल. दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या माणसाशी बोललात तर बोगद्याला विरोध करायची हिंमत होणार नाही, माझीही होत नाही. पण कालव्याच्या खालच्या अंगाच्या विहिरी आजवर त्या गळतीवरच भरत आल्या आहेत. अभियंत्याच्या वहीत जे पाणी वाया गेलं म्हणून लिहिलं जातं, ते शेतकऱ्याच्या विहिरीत जमा होतं. बोगदा झाल्यावर या विहिरींचा हिशोब कोण ठेवणार, हा प्रश्न मला अजून कुठल्याही बैठकीत ऐकू आलेला नाही. आणि शहरातली मोकळी झालेली कालव्याची जमीन? तिच्यावर डोळा ठेवून असलेल्यांची यादी विहिरींच्या यादीपेक्षा लांब असेल.

कुणाला जायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वेगऱ्याला भर पावसात जाऊ नका, कातळावर शेवाळ असतं आणि धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नाही. कालव्याला मात्र आवर्तन चालू असताना जा, कोरडा कालवा पाहण्यात अर्थ नाही. भराव पाटबंधारे खात्याचा आहे, शाखा कार्यालयात सांगून जावं हे बरं. पाण्यात उतरू नका. वरून संथ दिसलं तरी आत ओढ असते, आणि अस्तर केलेल्या काठाला हाताला धरायला काही सापडत नाही. लोणीच्या पुढे सावली कमी आहे, टोपी घ्या. आणि पाटकरी भेटला तर त्याच्याशी बोला, त्याला घाई नसेल तर.