शब्द डेटाबेसमध्ये आहे, मग सर्चमध्ये का सापडत नाही?

नमस्कार! टेबलमध्ये 'दऱ्या' हा शब्द आहे. तुम्ही सर्चमध्येही 'दऱ्या'च टाइप केलंत आणि रेकॉर्ड मिळाले शून्य. स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, मग अडलं कुठे?

अडलं बाइट्समध्ये, म्हणजे संगणक तो शब्द ज्या आकड्यांत साठवतो त्यांत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, 'ऱ' हा एकच कोड म्हणून साठवता येतो, किंवा साधा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे दोन कोड मिळूनही. हे दोन्ही 'एनएफसी' नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याने, एकसारखे होतात. पण काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह पाठवतात. ते नॉर्मलायझेशनने बदलत नाही. तिथे त्या जागी 'ऱ' आणि हलन्त तुम्हालाच घालावे लागतात.

रोमन लिपीतही हेच. फ्रेंच नावांत 'ई'वर तिरकी रेघ येते, पण शोधणारा साधा 'ई'च टाइप करतो. म्हणून अॅक्सेंट न बघणारा सर्च लागतो. मायएसक्यूएल ८ या डेटाबेसचं नेहमीचं कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) हे आपोआप करतं. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी 'अनअॅक्सेंट' एक्स्टेन्शन आहे.

आता नीट लक्ष द्या, कारण खरं नुकसान इथे होतं. बरेच प्रोग्रामर एक तयार फंक्शन वापरतात: अक्षर आणि त्यावरचं चिन्ह सुटं करा आणि 'नॉनस्पेसिंग मार्क' (स्वतःची वेगळी जागा न घेणारी चिन्हं) गटातली सगळी चिन्हं काढून टाका. फ्रेंचला हे चालतं. पण आपले उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा युनिकोडने त्याच गटात ठेवलेत! 'मूल', 'मेल', 'मुले' तिन्हींचं होतं 'मल'. काना आणि वेलांट्या मात्र वाचतात, त्या वेगळ्या गटात आहेत. म्हणून अर्धा डेटा ठीक दिसतो आणि चूक लवकर लक्षातच येत नाही. मराठी डेटावर हे फंक्शन कृपा करून चालवू नका.

मग करायचं काय? मूळ मजकुराला हात लावू नका. शेजारी सर्चसाठी वेगळा कॉलम ठेवा. त्यात नॉर्मलाइझ केलेला, जॉइनरवाला 'र' सुधारलेला मजकूर भरा आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) त्यावर लावा. अॅक्सेंट काढायचेच असतील तर फक्त रोमन अक्षरांवरचे काढा. युजरने टाइप केलेल्या शब्दावरही शोधण्याआधी ह्याच सुधारणा व्हायला हव्यात, हे बऱ्याचदा राहून जातं.

आणि टेस्ट डेटात 'मूल', 'मेल', 'मुले' हे तीन रेकॉर्ड आवर्जून टाका. 'मेल' शोधल्यावर एकच यायला हवा.